वाघीण म्हणायचं नाही

सोमवार, ४ मार्च

आज कात्री हातात टिकेना. नुसता ऊर भरून येतोय! काल हिने जळत्या इमारतीतून एका आजोबांना खांद्यावर घेऊन तीन मजले खाली आणलं. हिने — माझ्या बायकोने! बंबावर नोकरी करते म्हणून नाकं मुरडणारे आज सकाळपासून दुकानात येऊन हात मिळवून जातायत.

समोरचा न्हावी तर गिऱ्हाइकाच्या गालावर साबण तसाच ठेवून धावत आला. "शिंपीदादा, वहिनी म्हणजे वाघीण हो! वाघाचं काळीज!" मग माझ्याकडे बघून दात काढले. "आणि तुम्ही—" पुढचं गिळलं मेल्याने. म्हणायचं होतं शेळी! खोटं कुठेय? पालीला घाबरतो. लिफ्टला घाबरतो. दाढ दोन महिने ठणकतेय, तरी डॉक्टरची पायरी चढत नाही. साऱ्या गल्लीला ठाऊक आहे.

मंगळवार, ५ मार्च

जेवताना मीही लाडाने म्हणालो, "माझी वाघीण!" हिचा घास हातातच राहिला.

"अहो, वाघ आग बघून पळतो. आणि मी घाबरले होते. जिन्यात पाय लटपटत होते माझे. वाघीण म्हटलं की ते सगळं कुणी बघितलंच नाही असं होतं."

मग उठून गॅसचं बटण बघून आली. रोज तीन-तीनदा बघते. मी आजवर हसायचो.

बुधवार, ६ मार्च

रविवारी हिचा सत्कार आहे. हिच्या साहेबांचा निरोप — घरच्या माणसाने दोन शब्द बोलावेत. घरचं माणूस म्हणजे मीच की! मेलो!

ही म्हणाली, "नको असेल तर मी नाही म्हणून कळवते. पण बोललात तर वाघीण म्हणायचं नाही. म्हणालात तर स्टेजवरून उठून जाईन." बोलते तसं करते ही. मग भांडी आवरता आवरता हळूच, "बोललात तर मला आवडेल मात्र."

झालं! आता नाही कोणत्या तोंडाने म्हणू?

शुक्रवार, ८ मार्च

सिंहीण? "तीही पळेल." पोलादासारखी? "पोलाद तापलं की वाकतं, बघितलंय मी." पहाडासारखी? "पहाड जागचा हलत नाही, मी धावत होते!" न्हाव्याने सुचवलं, विजेसारखी. हिने हातातला डाव माझ्यावर रोखला. "वायरिंगमुळेच लागली होती आग!"

हसून हसून पुरेवाट. पण भाषणाचं काय?

शनिवार, ९ मार्च

एका पँटला दोन्ही डावेच पाय कापून ठेवले.

रविवार, १० मार्च

एक घाईची शिलाई उरकली आणि दुकानातून तसाच सभागृहात पळालो. ही वर साहेबांशेजारी बसलेली. माझं नाव पुकारलं. पायांत जीव नव्हता. कठडा धरून कसाबसा वर चढलो, माइकसमोर उभा राहिलो — आणि सभागृहात हशा! गळ्यात टेप तशीच लटकत होती!

पाठ केलेलं सगळं उडालं. हाताला काहीतरी हवं म्हणून टेपच घट्ट धरली आणि म्हणालो, "हिचा गणवेश अंगासरसा मीच करून दिला. खांदा चौदा इंच. वाघाचा नाही, पोलादाचा नाही. घाबरलेल्या माणसाचा. त्याच्यावरून आजोबा खाली आले. ही घाबरली होती, तरी आत गेली. मला फार अभिमान आहे हिचा."

टाळ्या थांबेचनात. खाली आलो तेव्हा सदरा घामाने पिळून काढण्यासारखा झाला होता. हिच्याकडे बघायची छाती झाली नाही. पण बसमध्ये हिने माझा हात धरला, तो घर येईपर्यंत सोडला नाही.

गुरुवार, २१ मार्च

बंबाचा ड्रायव्हर पँट आखूड करायला आला होता. म्हणाला, काल गोदामाच्या आगीत नवी भरती झालेली एकजण शिडीच्या पायथ्याशीच थिजली. ही तिच्या कानाशी जाऊन म्हणाली, "आमच्या ह्यांच्यासारखी चढ. पाय लटपटू देत, पण चढ." ती चढली! आता शिडी लागली की सगळे एकमेकांना तेच म्हणतात — शिंप्यासारखा चढ!

उद्या दाढ काढायला जातोय.