बर्फ नसताना सांगितलेली गोष्ट

मिनेसोटा, नोव्हेंबर २००५

डोरीन,

लाज कशी नाही वाटली तुला? काल माझ्या ट्रिनाची पहिली फिल्म बघितली. पोर माझ्या पोटची, आणि पडद्यावर शेवटी काय? 'डोरीनमावशीला, जिने मला गोष्टी सांगितल्या.' सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीपण वाजवल्या, दातओठ खात.

फिल्ममधली ती अस्वलाची गोष्ट आईने आधी मला सांगितली होती. तू तेव्हा रांगत होतीस. जमिनीवर बर्फ असेल तेव्हाच सांगायची, हा आपल्या ओजिब्वे लोकांचा नियम मी पाळला. ट्रिना उन्हाळ्यात मागे लागायची, मी म्हणायचे, "बर्फ पडू दे." बर्फ पडला की मी शाळेच्या स्वयंपाकघरात दोन-दोन पाळ्या करून मेलेली. आणि तू भर ऑगस्टात, तळ्यावर होडीत रानतांदूळ झोडताना तिला खुशाल सांगून मोकळी!

फिल्ममध्ये गोष्ट अर्धीच ठेवलीय. ट्रिना म्हणते, "रविवारी बर्फ पडणारय. आई, पुढचं तू सांग, मी शूट करते."

मला शेवट आठवत नाही, डोरीन.

शुक्रवारपर्यंत फोन करून सांग. बर्फ नसला तरी चालेल.

तुझी थोरली बहीण,
व्हर्ना