ओल्या पेंढीचे वजन

दि. ३ एप्रिल
समन्स प्राप्त. सरकार विरुद्ध अंकुश. अस्मादिक पंच क्र. १. शिपायाने ते चारा छावणीत, गव्हाणीपाशी, एका कालवडीच्या साक्षीने स्वहस्ते दिले. सहकारी सोसायटीच्या सचिवाला याहून भव्य समारंभ या दुष्काळात अपेक्षित नाही. सौ.ची प्रतिक्रिया : "तिथं तरी थोडक्यात बोला."

दि. ४
स्मृतीचे उत्खनन. गतवर्षीचाही दुष्काळ, हीच छावणी. अंकुश आमच्याच गावचा, केजला जीप चालवणारा. पोलिसांच्या छाप्यात त्याच्या गोठ्यात कडब्याखाली हिरव्या गांजाच्या पेंढ्या सापडल्या. जमादारांपाशी पिस्तूल होते, वजनकाटा नव्हता. सबब मुद्देमाल आमच्या काट्यावर आला. काट्यावर रज्जाकमामू. छावणीतल्या प्रत्येक हिरव्या पेंढीवर ते तोलण्याआधी बादलीभर पाणी मारतात, सुकलेल्या चाऱ्याला जनावर तोंड लावत नाही म्हणून. गांजावरही मारले. सवयीने. जमादार तेव्हा चहापानात निमग्न. काटा वीस किलोच्या किंचित वर स्थिरावला. पंचनाम्यावर आमची सही. वजन बरोबरच होते, पाणी धरून.

दि. ६
सरकारी वकिलांकडे साक्षीची उजळणी. विधिज्ञान लाभले : गांजा वीस किलोच्या वर असेल तर दहा वर्षांहून कमी शिक्षा न्यायाधीशांनाही देता येत नाही. खाली असेल तर किती द्यायची, तो त्यांचा विवेक. तात्पर्य, दहा वर्षे आणि विवेक यांच्या मध्ये एक बादली उभी आहे. ती कोर्टात कोणालाच ठाऊक नाही. पंचनाम्यावरची आपली सही ओळखली आणि परतलो.

दि. ७
अंकुशची बायको मुक्ता गाय घेऊन छावणीतच राहते. आज काट्यापाशी आली, शेणाने भरलेले हात अंगापासून दूर धरून.
"दादा, गांजा व्हता. म्या न्हाई म्हणत न्हाई. सजा व्हऊ द्या. पर पोरगी आता दुसरीला हाय. दहा सालानं बाप तिला वळखायचा न्हाई."
म्हटले, बाई, न्यायदेवता डोळे बांधून बसते.
"तिचं ऱ्हाऊ द्या. तुमी तर पानी मारताना बघतच हुता की."


दि. ८
सोसायटीचे चेअरमन अण्णा सकाळीच अवतीर्ण.
"सेक्रेटरी, काय बी बोला. पाणी ह्यो शब्द तेवढा काढू नका."
"का बरे?"
"चारा भिजवून तोलता, हे तिथं लिहिलं गेलं की तहसीलचा मानूस दारात. वजन फुगवून बिलं काढली म्हणत्याल. छावणी बंद. मग एवढी जनावरं कुठं बांधता, तुमच्या माडीवर?"
आमच्या घरास माडी नाही. मुद्दा मात्र बिनतोड.
रज्जाकमामूंना विचारले, गांजावर पाणी का हो मारलेत? "सायब, मला तो लसूणघासाचा चाराच वाटला. अन् लई सुकलता बिचारा."

दि. १०
साक्ष. कोट परिधान केला. हवामान कोटाच्या विरुद्ध पक्षात.
सरकारी वकील : वजन तुमच्यासमक्ष झाले? होय. सही तुमची? होय.
मग अंकुशचे वकील उठले. त्यांना बादलीचा पत्ता नव्हता. सवयीचाच प्रश्न विचारला. "पेंढ्या आणल्या तशाच तोलल्या?"
पिंजऱ्यात अंकुश. वाळला आहे.
म्हणालो, "नाही. छावणीच्या रिवाजाने आधी पाणी मारले."
न्यायाधीशांनी मान वर केली. "किती?"
"बादलीभर."
"निथळू दिले?"
"नाही. जमादारांना घाई होती."
टंकलेखकाने ते जसेच्या तसे उतरवले. सौ.ची आज्ञा पाळली. आयुष्यात प्रथमच थोडक्यात बोललो.

दि. ११
अण्णा आमच्याशी असहकार पुकारून आहेत. टपरीवरून पृच्छा : "किती घेतलं ओ, सेक्रेटरी?"
"बादलीभर," उत्तरलो. कोणी हसले नाही. चहा थंड.

दि. २२
अंकुश दोषी. गांजा त्याचा होता याविषयी कोणासही शंका नव्हती, त्यालाही. न्यायाधीशांनी प्रथेप्रमाणे विचारले, शिक्षेबाबत काही सांगायचे आहे?
"सायब, वजन किती धरलं, तेवढं सांगा."
त्यावर दोन्ही वकिलांचा दीर्घ शास्त्रार्थ. शिक्षेचा आदेश उद्या.
परतलो तो निरोप : तहसीलची तपासणी, तीही उद्याच. तेवढ्यात उसाची गाडी आली. ऊस सुकलेला. मुक्ताची गाय वास घेऊन मागे सरली. रज्जाकमामू भरली बादली घेऊन उभे.
"सायब, मारू का न्हाई?"
अण्णा दुरून पाहत होते.
"आधी तोला. मग मारा."
तोलले. गाडीवाल्याच्या पावतीहून कमी भरले. तेच लिहिले.