झाकणांची अदलाबदल

४ मार्च
पुन्हा खोकला. तोंडात टॉवेल कोंबला, तरी सगळ्या बराकीने ऐकले असणार. तुरुंगाचे कंपाउंडर येऊन आम्हा दोघा खोकणाऱ्यांना – मला आणि शेजारी झोपणाऱ्या गवंड्याला – एकेक डबी देऊन गेले. सकाळी उठल्या उठल्या खोल खोकून बेडका आत टाकायचा. झाकणावर ज्याचा त्याचा नंबर. टीबी तर नसेल ना?

गवंडी म्हणतो, "माझा सिमेंटचा खोकला रे. आधी खोकला आला, मग बायको आली!"

५ मार्च
टीबी निघाला तर कोपऱ्यातल्या वेगळ्या खोलीत टाकतात. तिथे मुलाखत बंद. आई दर रविवारी येते, जाळीपलीकडून नुसता चेहरा बघते आणि जाते. मी दिसलो नाही तर ती काय समजेल? इथले लोक म्हणतात, त्या खोलीतून माणूस आडवाच बाहेर येतो.

गवंड्याला मात्र तिकडेच जायचे आहे. खाट, दूध, रोज अंडे! इथे सगळे कुशीवर झोपतो, उताणे व्हायला जागा नाही. म्हणाला, "वेड्या, झाकणं बदलू. तू आईला भेट, मी दूध पितो. कुणाच्या बापाचं काय जातंय?"

६ मार्च
बदलली. संडासाच्या आडोशाला. त्याच्या बेडक्यावर माझा नंबर, माझ्यावर त्याचा. कुणी पाहिले तर!

९ मार्च
डब्या अजून कपाटातच. सरकारी दवाखान्यात न्यायला सोबत पोलीस लागतो, आणि पोलीस बंदोबस्तावर. कंपाउंडर म्हणाले, "डब्यांना पाय असते तर केव्हाच सोडल्या असत्या."

१२ मार्च
गेल्या एकदाच्या.

१५ मार्च
निकाल आला. टीबी – माझ्या नंबराला! गवंड्याचा नंबर साफ.

मला आधी अर्थच लागेना. मग लागला. म्हणजे मी बरा आहे. आजारी गवंडी आहे, आणि इतके दिवस मी त्याच्या श्वासात झोपतो आहे. तो मांडीवर थाप मारून हसत होता, "बघा, दूधसुद्धा यालाच!" मी कानात सांगितले. हसू गेले. "चल, काहीतरीच! दवाखान्यानेच घोळ घातला असेल," म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून खोकत राहिला. मला शिपायाने बिछान्यासकट उचलले.

१६ मार्च
कंपाउंडरना खरे ते सगळे सांगितले. ते म्हणाले, "या खोलीत आलेला प्रत्येक जण हेच सांगतो. डबी कधी कुणाची नसतेच!" गोळ्या समोर गिळायला लावल्या. आजूबाजूचे सगळे खोकतात. मी तोंडावर पांघरूण ओढून श्वास चोरतो. आता खरोखरच झाला तर? आणि तिकडे भरलेल्या बराकीच्या मधोमध गवंडी!

१७ मार्च
रविवार. आई येऊन परत गेली असेल.

२१ मार्च
आज बाहेरच्या डॉक्टरीणबाई आल्या. मी त्यांचे पाय धरले. "अरे, पाय सोड, आधी नीट बोल," म्हणाल्या. सगळे ऐकून घेतले. स्वतः समोर उभ्या राहून माझा बेडका पुन्हा घेतला. डबी स्वतःच्या गाडीतून नेली.

२५ मार्च
माझ्यात काही निघाले नाही. बाईंनी विचारले, "मग ती डबी ज्याची, तो कुठे आहे?" मी गवंड्याची बराक सांगितली. शिपाई म्हणाला, "तो? तो परवाच जामिनावर सुटला की. फाटकाबाहेर बायको उभी होती, तान्हं पोर घेऊन. पठ्ठ्याने आधी पोराचे मुकेच घेतले!"