भुरीच्या पोटातली बुरशी

प्रिय आई,

सुनेचं पत्र आलंय म्हटल्यावर वन्संनी ते आधी वाचलं असेल, तर त्यांनाही नमस्कार. फोन मुद्दाम केला नाही. फोनवर तुम्ही 'बरं, ठेव आता' म्हणता आणि माझं अर्धं बोलणं तोंडातच राहतं. आपलं काकडीचं काचघर विकत घेणारा माणूस शनिवारी तुम्हाला भेटायला तिकडे येणार आहे, हे तुमच्या चिरंजीवांकडून कळलं. मला काचघर विकायचं नाही. मालकी तुमची, शब्द तुमचा, पण त्याला होकार देण्याआधी हे पत्र शेवटपर्यंत वाचा.

आधी बातमी. काकडीचे वेल वरच्या तारेला पोचलेत, आणि तुम्ही वन्संकडे गेल्यापासून मी एकदाही गंधक मारलेलं नाही. दुसरं कुठलं औषधही नाही. उभ्या असाल तर बसून घ्या. भुरी आली नाही असं नाही. दाराजवळच्या रांगेत, तिच्या नेहमीच्या जागी, पानांवर पीठ सांडल्यासारखी आली, आणि मी ती येऊ दिली. तुमचे चिरंजीव माझ्याकडे असे बघत होते, जसं काही मी चोराला हाताला धरून घरात आणलंय.

संशोधन केंद्रातल्या त्या बाई आठवतात ना, ज्यांना तुम्ही 'भिंगवाली' म्हणता आणि ज्यांचं बोलणं तुम्ही कधी पुरतं ऐकून घेतलं नाहीत? त्यांनी मला एक बुरशी दिली. भुरी हीसुद्धा बुरशीच, पण ही दुसरी काकडीच्या वाटेला जात नाही. ती भुरीच्या धाग्यांत शिरते, तिथेच राहते, तिचंच खाते आणि तिथेच पोरंबाळं वाढवते. आयत्या बिळावर नागोबा! भुरी लगेच मरत नाही, पण तिचा जोर ओसरतो. पांढरं पीठ करडं, मळकट होतं आणि भिंगातून पाहिलं की त्यात बारीक तपकिरी ठिपके दिसतात. ते ठिपके म्हणजे आपल्या बुरशीची पुढची पिढी. पहिल्यांदा दिसले तेव्हा मी काचघरात एकटीच टाळ्या वाजवल्या.

त्याआधी मात्र चांगली तोंडघशी पडले होते. पहिल्या वेळी ती बुरशी पाण्यात कालवून मी तुमच्याच पंपात भरली. हवा दमट आहे हे बघून संध्याकाळी फवारली आणि वाट बघत बसले. काही नाही! उलट भुरी दुप्पट झाली. मग भिंगवाली बाई आल्या, त्यांनी पंपाचं झाकण उघडून नाकाशी नेलं आणि कपाळावर हात मारून घेतला. अहो, मी तो पुन्हा पुन्हा धुतला होता! पण इतकी वर्षं गंधक प्यायलेला पंप तो, नळीतून, टाकीतून तेच निघत होतं. आणि औषधाला वाईट बुरशी कोणती आणि आपली कोणती, हे थोडंच कळतं? ते दोघींच्या जिवावर उठतं; पंपात उरलेलं मुरलेल्या भुरीला पुरलं नाही, पण आपली नवखी बुरशी मेली. शेवटी नवा पंप आणला. तो आमच्या खोलीत ठेवते, कारण तुमच्या लेकाच्या हाताला अजून पंप दिसला की गंधक भरायची जुनी सवय आहे.

आता माझं अडतंय कुठे ते सांगते. या बुरशीला जगायला भुरी लागते. भुरी पार संपली की ही उपाशी. म्हणजे थोडा रोग रांगेत राहू द्यायला हवा, पण किती? कुठलं पान खुडायचं, कुठलं ठेवायचं? मागच्या आठवड्यात मी घाबरून नेमकी करडी पडलेली पानं खुडून कचऱ्यात घातली, म्हणजे आपलीच फौज आपण घालवली. तुम्ही दारातून आत येता येता सांगायचात, उद्या या वेलावर भुरी दिसेल, आणि दिसायची. तो डोळा माझ्याकडे नाही. तुमच्या लेकाकडे तर मुळीच नाही, त्यांना हिरव्या पानांत हिरवी काकडी दिसली तरी खूप झालं.

खरं सांगू का, हे सगळं मी काचघरासाठी लिहीत नाहीये. तुमचा जुना पंप धुतला त्या संध्याकाळी माझे डोळे चुरचुरले, घसा धरला, झोपेपर्यंत खोकत होते. नुसत्या धुण्याने! तुम्ही तो आयुष्यभर पाठीवर वागवलात, आणि मला त्याला बोटसुद्धा लावू दिलं नाहीत. फवारणीच्या दिवशी मला बाजारात पिटाळायचात, सुतळी आणायला, नाही तर खिळे आणायला. मला वाटायचं, सासूचा सुनेवर भरवसा नाही, आणि तो राग मी मनात जपून ठेवला होता. डॉक्टरांनी तुमची छाती तपासून फवारणी बंद करायला सांगितली, तेव्हा मी म्हटलं, मी फवारीन. तुम्ही माझ्यावर केवढ्या ओरडलात, आणि दुसऱ्याच दिवशी काचघर विकायचं ठरवून वन्संकडे निघून गेलात. आता कळलं. तुम्हाला ते ओझं माझ्या पाठीवर यायला नको होतं. आई, हे कळलं तेव्हा मला खूप रडू आलं. तर ऐका, ते विष आता आपल्या दारात येणार नाही. नव्या फवारणीच्या संध्याकाळी तुम्ही घरात बसायचं, आम्ही दोघं नाक-तोंड बांधून फवारू, ही माझी अट. बाकी सगळं तुमच्या हुकुमाने. त्या माणसाला नाही म्हणून सांगा. तुम्ही माझ्यासाठी स्वतःचं काचघर विकायला निघालात, तशाच माझ्यासाठी परत या.

तुमचीच, आणि तुमच्यापेक्षा हट्टी,
सून