देव्हाऱ्यातली घंटी

जेसल पार्क. मंगळवार, दिवा लावून झाल्यावर

लाज वाटतेय. कुणाला सांगू? इथेच लिहितो.

आईचं खुब्याचं हाड मोडल्यापासून डॉक्टर, नर्स, फिजिओ, ताई आणि मी, असा आमचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. एकाचं दुसऱ्याला कळावं म्हणून. फिजिओनं बजावलंय, "आंटी को अकेले उठने मत देना." आईचा आवाज बाहेरच्या खोलीपर्यंत पोचत नाही, म्हणून मीच देव्हाऱ्यातली घंटी तिच्या उशाशी ठेवली. उठायचं असलं की वाजव, म्हटलं.

आज ऑफिसचा कॉल चालू असताना घंटी सारखी वाजत होती. वैतागून ताईला लिहिलं, "उठायचं नसतंच तिला. जवळ कोणी बसावं म्हणून वाजवते." ते गेलं ग्रुपवर. आणि ग्रुपवर आता आईही आहे. डॉक्टरांनीच तिला घ्यायला लावलं. आजींबद्दल आजींच्या मागे बोलायचं नाही, म्हणाले. मी विसरलो? की ती वाचत असेल असं मला कधी वाटलंच नाही?

तिचं उत्तर आलं, "बरं." एरवी फुलं पाठवते.

संध्याकाळी बघतो तर घंटी तिच्या खोलीच्या दारालगतच्या देव्हाऱ्यात. वॉकर पलंगापाशीच होता. म्हणजे भिंतीला धरून एकटी गेली. पडली असती तर?

दिवा लावला, घंटी उचलली, पण हात हलेना.

आतून आई म्हणाली, "वाजव की रे. आता ती ऐकून कुणाला उठून यायला नको."