खांद्यावरची झोप

ती. आईस,

पाया पडते. मी बरी आहे. सकाळच्या गाडीत पाय ठेवायला जागा नसते, पण पडायची भीती नाही. गर्दीच धरून ठेवते.

काल गाडीत शेजारची एक म्हातारी माझ्या खांद्यावर डोकं टेकून उभ्या-उभ्याच झोपली. रात्रपाळी करून घरी निघाली असावी. माझं स्टेशन आलं, पण तिला उठवायला जीव होईना. बरंच पुढे गेल्यावर ती दचकून जागी झाली.

"बाळा, तुला कुठे उतरायचं होतं?"

"पुढेच," मी म्हटलं.

कारखान्यात उशीर झाला, मुकादमबाई सगळ्यांसमोर बोलली. बोलू दे.

तुझी कंबर कशी आहे? पाणी दादालाच भरू दे. तुला झोप लागते ना?

इथे मला बाळा म्हणणारं कुणी नाही गं.

तुझी,
धाकटी