मर्ज आणि अटॅच

इरुकटोला, ता. अहेरी
७ जुलै

आदरणीय शालिकराम गुरुजी,

दुर्गाचा नमस्कार. ऑपरेशननंतर डोळ्याला आता बरं दिसतं ना? अक्षर मुद्दाम मोठं काढलं आहे. दुसऱ्या कुणाकडून वाचून घेऊ नका.

इकडे धानाचे पऱ्हे टाकून झाले, रोपं वर येऊ लागली. बुधूकाकाचा खोकला तसाच आहे.

शाळेचं तुम्ही फोनवर दोनदा विचारलंत. दोन्ही वेळा मी आवाज येत नाही म्हणाले. आवाज येत होता.

तुम्ही सत्तावीस वर्षं चालवलेली शाळा बंद झाली, गुरुजी.

जानेवारीत शिक्षण खात्याचे एक साहेब कागद घेऊन आले. कागद इंग्रजीत. मला म्हणाले, "तुम्ही बारावी झालेल्या, गावाला समजावून सांगा." त्यात 'मर्ज' लिहिलं होतं. बुधूकाकांनी विचारलं, "मर्ज म्हंजे काय वं, दुर्गा?"

मी म्हणाले, "अटॅचसारखंच. नाल्यापलीकडच्या मोठ्या शाळेले जोडून राह्यले. आपली शाळा इथीच राहीन."

साहेबांनी ते ऐकलं आणि शाईचं पॅड पुढे सरकवलं. सगळ्यांनी अंगठे दिले.

जूनमध्ये ट्रॅक्टर आला आणि बाकं, फळा, पोषण आहाराची भांडी घेऊन गेला. तेव्हा कळलं, अटॅच केलं तर दोन्ही शाळा राहतात. मर्जमध्ये आपली उरत नाही.

अकरा पोरांपैकी सहा आश्रमशाळेत गेली. चार जण नाला ओलांडून जायची. पाणी चढल्यापासून तीही घरीच. भावाची सुकरी आठ वर्षांची आहे, ती शेळ्यांमागे जाते. रोज विचारते, "आत्या, ट्रॅक्टर बाकं कवा आणते?"

मी दोनदा गडचिरोलीला त्याच खात्यात अर्ज दिला. ते गावाच्या संमतीचा कागद पुढे करतात.

बुधूकाका म्हणतात, "तुले तरी काय मालूम होतं, पोरी."

गुरुजी, मला शंका आली होती. टेकडीवर चढलं की रेंज मिळते, तुम्हाला विचारता आलं असतं. साहेबांना म्हटलं असतं, उद्या या. पण सगळा गाव माझ्या तोंडाकडे बघत होता. हा शब्द मला येत नाही, एवढं म्हणायची लाज वाटली.

हे गावात अजून कुणाला सांगितलेलं नाही. काय करू, तेही सुचत नाही. रागावून लिहा, पण लिहा.

तुमची विद्यार्थिनी असं लिहायला हात धजत नाही.

दुर्गा